खोक्यातला जादा कागद

आमच्या कारखान्यातून जे खोकं बाहेर पडतं त्यात आता एक कागद जास्तीचा जातो. दोन्ही बाजूंनी छापलेला, अक्षर बारीक. पॅकिंगच्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मॅडम, ह्यात काय लिहिलंय? वॉरंटीचं कार्ड तर आधीच घातलंय." मी म्हटलं, "मावशी, ह्या यंत्रात दुसऱ्यांनी लिहिलेलं बरंच काही आहे. त्यांची नावं आहेत ही. आणि ते सगळं कोणाला हवं असेल तर आमच्याकडे मागा, असंही लिहिलंय." त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, नीट घडी घातली आणि अँटेनाच्या पिशवीखाली सरकवला. तेव्हापासून त्याची जागा तीच.

तो कागद तिथवर यायला एका परक्या माणसाचं पत्र यावं लागलं.

आम्ही भोसरीला डेटा लॉगर बनवतो. छपरावरच्या सोलर पॅनलचे इन्व्हर्टर, विजेचे मीटर यांच्याकडून दर मिनिटाला आकडे घ्यायचे, साठवायचे आणि इंटरनेटवरून पाठवून द्यायचे, एवढंच त्या डबीचं काम. २०१४ च्या नोव्हेंबरात जर्मनीहून एक ईमेल आला. आमचा लॉगर त्याने तिथल्या एका विक्रेत्याकडून घेतला होता. पाच ओळींचं, अतिशय सभ्य पत्र. तुमच्या यंत्रात लिनक्स आणि बिझीबॉक्स आहे, दोन्ही जीपीएल लायसन्सखाली आहेत, तरी त्यांचा सोर्स कोड कृपया पाठवावा. (लिनक्स म्हणजे यंत्र चालवणारी मूळ प्रणाली, बिझीबॉक्स म्हणजे तिच्यासोबतच्या लहान आदेशांचा संच, सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ ओळी, आणि जीपीएल म्हणजे त्या ओळी ज्या अटींवर वापरायला मिळतात तो परवाना.) का हवा, तेही त्याने लिहिलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागे घेतात. आमच्या लॉगरला त्याचा पत्ताच नव्हता. वर्षातून दोनदा त्याचा आलेख तासाभराने सरकायचा. ते त्याला स्वतः दुरुस्त करायचं होतं.

आपल्याकडे घड्याळ पुढेमागे करायची पद्धत नाही, त्यामुळे ती चाचणी करायचं भोसरीत कोणाच्या मनातही आलं नव्हतं. चूक आमची होती. पण पत्र वाचून ऑफिसात भीती पसरली ती वेगळीच. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "तो आपला कोड मागतोय? चार वर्षांची मेहनत अशी उचलून द्यायची?"

मी त्या दिवशी त्यांच्यासमोर पांढऱ्या फळ्यावर दोन आकडे लिहिले. आमचा स्वतःचा प्रोग्राम १८ हजार ओळींचा. त्याच्याखाली चालणारं लिनक्स २.६.३५ सव्वा कोटीहून जास्त ओळींचं. यंत्र सुरू करणारा बूटलोडर, बिझीबॉक्स, बाकीच्या प्रोग्रामना लागणारी सी लायब्ररी, दुरून लॉगिन करायचा प्रोग्राम हे अजून धरलेलंच नव्हतं. मग म्हटलं, "सर, तो आपलं काही मागत नाहीये. आपल्याला ज्यांनी दिलं त्यांनी एका अटीवर दिलं होतं, तेवढीच अट तो दाखवतोय."

त्या आधीच्या चार वर्षांत आमच्यातल्या एकानेही ते लायसन्स शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. लिनक्सच्या फोल्डरात 'कॉपीइंग' नावाची फाइल असते. जुन्या मराठी पुस्तकात मुखपृष्ठ उलटलं की एक पान असतं, आवृत्ती पहिली, मुद्रक अमुक, आणि 'सर्व हक्क सौ. तमुक यांच्या स्वाधीन'. ते पान जसं आपण बोटाने पुढे ढकलतो तशी ती फाइल आम्ही ढकलली होती. ऑफिसातला शब्दच होता, 'फुकटचं सॉफ्टवेअर'. शब्दाने आमचं नुकसान केलं असं मला आजही वाटतं. फुकटच्या वस्तूला कोणी पावती विचारत नाही.

त्या रात्री मी ती फाइल वाचली. १९९१ चं, जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचं लायसन्स. वकिली भाषा आहे, पण तिच्यामागचा माणूस दिसतो. हे विका, हवी ती किंमत घ्या, कितीही प्रती काढा; याला कुठेच मनाई नाही. पण यंत्राला समजेल अशा रूपात जे द्याल, ते माणसाला वाचता येईल अशा रूपातही द्या. एकतर सोर्स कोड सोबतच द्या, नाहीतर लेखी वचन द्या, किमान ३ वर्षं टिकणारं, की कोणीही मागितला तरी आम्ही पाठवू आणि पाठवण्याचा खर्च सोडून जास्त काही घेणार नाही. तिसरी एक वाट आहे, आपल्याला मिळालेलं वचनच पुढे सरकवायची, पण ती धंदा न करणाऱ्यांसाठी. आम्ही विकत होतो. आमच्या खोक्यात ना कोड होता ना वचन. पुढच्याच कलमात लिहिलं होतं की अट मोडली की परवानगी आपोआप संपते. म्हणजे चार वर्षं आम्ही परवानगीशिवाय प्रती काढून विकत होतो. मुद्दाम नाही, हे खरं. पण शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी न विचारता पाइपने आपल्या शेताला लावल्यावर 'मुद्दाम नाही' म्हणून किती भागतं?

आमच्यासारख्या यंत्र करणाऱ्यांना एक गोष्ट लवकर कळायला हवी होती, कारण ती आमच्या रोजच्या सवयीतली आहे. आमच्या स्टोअरमध्ये काही पैशांचा रेझिस्टर आला तरी त्याचं चलन लागतं, आवक नोंदवावी लागते, बीओएममध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या यादीत, त्याचा नंबर असतो, पुरवठादार बदलला तर सही लागते. स्क्रू मोजलेले असतात. आणि त्याच बोर्डावर सव्वा कोटी ओळी चढवताना त्या कुठून आल्या, कोणत्या आवृत्तीच्या, कोणाच्या, कोणत्या अटीवर, याची एक ओळ कोणी लिहून ठेवली नव्हती. ऑडिटला आलेल्या माणसांनी सोल्डरिंगचं तापमान विचारलं, हे कधीच विचारलं नाही.

मग शोध सुरू झाला. मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम. कोड आहे म्हणजे आहे, झिप करून पाठवायचा. पण लायसन्स 'पूर्ण' सोर्स मागतं. नुसत्या फाइली देऊन चालत नाही. त्या कंपाइल करून, म्हणजे यंत्राच्या भाषेत आणून, यंत्रावर चढवायला लागणाऱ्या स्क्रिप्टही द्याव्या लागतात. आणि विकलेल्या डबीत आहे तोच कोड हवा, इंटरनेटवरून नव्याने उतरवलेला त्याच्यासारखा दुसरा नाही. आमच्याकडे चिप विकणाऱ्या कंपनीने दिलेला एक मोठा गठ्ठा होता, त्यात त्यांनी लिनक्समध्ये केलेले बदल. त्यावर आमच्या एका माजी सहकाऱ्याने मीटरशी बोलणाऱ्या सिरियल पोर्टच्या ड्रायव्हरमध्ये केलेले बदल. तो २०१२ मध्ये नोकरी सोडून गेला होता आणि त्याचा लॅपटॉप फॉरमॅट होऊन दुसऱ्याच्या टेबलावर गेला होता. मी फोन केला तर तो मनापासून आठवू लागला, "अगं, ते पॅच मी डेस्कटॉपवर ठेवले होते बहुतेक."

सहा आठवडे लागले. जुन्या बॅकअप डीव्हीडी, ईमेलच्या जोडण्या, एका पेनड्राइव्हवर सापडलेली बिझीबॉक्सची कॉन्फिग फाइल. कंपायलरची नेमकी आवृत्ती कोणालाच आठवत नव्हती. शेवटी विकलेल्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पोटातच ती छापलेली सापडली, कारण लिनक्स बूट होताना आपण कशाने घडलो ते स्वतःच सांगतं. ज्या दिवशी आमच्या हातून तीच डबी पुन्हा घडली त्या संध्याकाळी मी एकटीच लॅबमध्ये होते. सांगायला कोणी नव्हतं, तरी भरून आलं. चार वर्षं आम्ही जे विकत होतो ते आम्हालाच परत बनवता येत नव्हतं, हे त्या सहा आठवड्यांत कळलं होतं. त्या जर्मन माणसाने पत्र धाडलं नसतं तर पहिल्या मोठ्या बिघाडाला आम्ही उघडे पडलो असतो.

याच काळात मी इतरांचे किस्से वाचत होते. त्यातला लिंक्सिस या कंपनीचा किस्सा माझ्या अगदी जवळ बसला. डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर, २००२ च्या शेवटी बाजारात आला. २००३ मध्ये सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरना लिंक्सिस विकत घेतली, आणि त्याच जूनमध्ये लिनक्सच्या एका जाणकाराने जाहीरपणे दाखवून दिलं की या राउटरच्या पोटात लिनक्स आहे आणि त्याचा कोड कुठेच दिलेला नाही. चिप ब्रॉडकॉमची. सॉफ्टवेअरचं काम तैवानमधल्या कंपनीचं. विकणारी लिंक्सिस. मालक सिस्को. चार हातांतून माल गेला आणि लायसन्सचा कागद पहिल्या हातातच कुठेतरी गळून पडला. जबाबदारी मात्र शेवटी ज्याचं नाव खोक्यावर, त्याचीच. मागच्याने मला दिला नाही, हे उत्तर गिऱ्हाइकाला चालत नाही. आमचा चिपवाला आणि आम्ही, आमची साखळी याच आकाराची होती, फक्त लहान.

पुढे तो कोड खुला झाला आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. आज जगभरच्या कितीतरी राउटरमध्ये ते चालतं. माझ्या घरच्या राउटरवरही तेच आहे. एका कंपनीने नाइलाजाने दिलेल्या गठ्ठ्यातून दुसऱ्यांनी हे उभं केलं. सिस्को आणि जीपीएल लिहिणारी संस्था फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन यांच्यातलं प्रकरण मात्र २००८ मध्ये न्यायालयात गेलं आणि २००९ मध्ये तडजोडीने मिटलं. लिंक्सिससाठी हे सगळं पाहणारा एक अधिकारी नेमायचं कंपनीने कबूल केलं.

आणि जर्मनीतूनच पत्र का आलं, तेही समजलं. हाराल्ड वेल्टे या प्रोग्रामरच्या अर्जावर २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएलची अट पाळायला लावणारा मनाई हुकूम दिला होता. तिथल्या जाणत्या गिऱ्हाइकाला हा हक्क ठाऊक असणं स्वाभाविक होतं. अमेरिकेत अशा खटल्यांची सुरुवात २००७ मध्ये झाली, तीही बिझीबॉक्सवरूनच. बिझीबॉक्स मुळात ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ च्या सुमारास लिहिलं ते डेबियन या लिनक्सच्या संचाची बूट व्यवस्था एकाच फ्लॉपीत बसावी म्हणून. जागेची काटकसर करायला लिहिलेली छोटीशी वस्तू, म्हणून ती टीव्ही, राउटर, आमच्या लॉगरसारख्या डब्या, सगळीकडे जाऊन बसली. २०१० मध्ये टीव्ही विकणाऱ्या एका कंपनीला तिच्यापायी ९० हजार डॉलर भरपाई आणि शिल्लक टीव्ही फिर्यादींच्या हवाली करण्याचा आदेश झाला. सरांना मी हा आकडा सांगितला नाही. त्या भीतीने आम्ही नीट वागलो असतो तर पुढची भीती येईपर्यंतच वागलो असतो, असं मला वाटत होतं.

सरांचा खरा प्रश्न वेगळा होता आणि तो रास्त होता. आपला प्रोग्राम द्यावा लागेल का? याचं उत्तर एका शब्दात नाही. एकाच डिस्कवर शेजारी-शेजारी ठेवलेल्या वेगळ्या कामांना जीपीएल एकत्र बांधत नाही. आमचा प्रोग्राम लिनक्सवर चालतो म्हणून तो लिनक्सचा भाग होत नाही. सी लायब्ररी एलजीपीएलखाली, म्हणजे जीपीएलच्याच सौम्य रूपाखाली, होती. तिला जोडून घेतलं तर आपला कोड आपलाच राहतो, पण गिऱ्हाइकाला ती लायब्ररी बदलून पुन्हा जोडता यायला हवी. एमआयटी किंवा बीएसडी लायसन्सवाले तर एवढंच म्हणतात की आमचं नाव आणि हा मजकूर सोबत ठेवा. इथवर मी फळ्यावर भराभर लिहीत गेले. मग मी आमच्याच प्रोग्रामची जोडणी उघडून बघितली आणि थांबले.

सेटिंगसाठी आमचा एक छोटा मेन्यू प्रोग्राम होता. वरच्या बाणाने मागचा आदेश परत यावा म्हणून कोणीतरी त्यात रीडलाइन ही लायब्ररी घातली होती. रीडलाइन एलजीपीएलखाली नाही, पूर्ण जीपीएलखाली आहे. तिला जोडलेला प्रोग्राम बाहेर दिला की तो सगळाच त्याच अटीवर द्यावा लागतो. ते करणाऱ्याने एका दुपारी एका सोयीसाठी एक ओळ वाढवली होती. मला त्याचा राग आला नाही, कारण ते करणारी मी होते.

सरांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. पुढच्या आवृत्तीत रीडलाइन काढून तिच्या जागी बीएसडी लायसन्सची लाइननॉइज बसवता येईल, हे मी सांगितलं. पण विकून झालेल्या डब्यांचं काय? कोणाला कळणार नाही, असं कोणीतरी म्हणालंच. सर म्हणाले, "तो मेन्यू देऊन टाका. वापरलंय आपण." नऊशे ओळी होत्या. प्रतिस्पर्ध्याने चोरावं असं त्यात एक अक्षर नव्हतं. तरी ते म्हणायला मालकाला काहीतरी ओलांडावं लागतं, आणि त्यांनी ते माझ्यासमोर ओलांडलं. आमच्या सरांबद्दल माझ्या मनात जो आदर आहे त्यातला मोठा वाटा त्या एका वाक्याचा.

आपल्या कायद्यातली एक गोष्ट मला याच सुमारास कळली आणि ती अजून सुटलेली नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीची जी व्याख्या आहे, तिच्यात संगणक प्रोग्रामही येतो. कवितासंग्रह, कादंबरी आणि सिरियल पोर्टचा ड्रायव्हर, कायद्यासमोर तिन्ही साहित्य. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क टिकतो तो तिघांचाही. मी मराठी माध्यमातली, साहित्य म्हटलं की मान खाली घालून ऐकणारी. मग ज्या हजारो लोकांनी लिहिलेल्या ओळी आम्ही डबीत भरत होतो, त्यांच्याकडे कधी लेखक म्हणून का पाहिलं नाही? लिनक्सच्या फाइलींच्या डोक्यावर नावं असतात. कोणी ओस्लोचं, कोणी ओसाकाचं, कोणी बंगळुरूचं. मी ती वर्षानुवर्षं स्क्रोल करून पुढे गेले होते.

आपल्या लेखनाखाली नाव राहणं किती दूर पोचतं, याचं एक उदाहरण मला आवडतं. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून कर्ल नावाचं सॉफ्टवेअर सांभाळतात. ते कितीतरी मोटारींच्या पडद्यामागे चालतं. लायसन्सच्या मजकुरात त्यांचा ईमेल असतो आणि मोटारीच्या मेन्यूत तो मजकूर दिसतो. मग आपल्या गाडीचा नकाशा चालत नाही म्हणून लोक थेट त्यांनाच पत्र लिहितात! त्यांना त्या गाडीबद्दल काहीच माहीत नसतं. पण त्या सगळ्या यंत्रात बिचाऱ्या गिऱ्हाइकाला सापडलेलं माणसाचं नाव ते एकच असतं.

मग आम्ही घर झाडायलाच काढलं, तेव्हा फॉन्टही निघाला. आमच्या नव्या लॉगरच्या पडद्यावर मराठी दिसतं. त्यातला देवनागरी फॉन्ट कोणीतरी ओळखीच्या डीटीपीवाल्याच्या संगणकावरून आणला होता. आपल्याकडे फॉन्ट असेच फिरत आले. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, बॅनर, सगळे त्याच कॉपीवर. अक्षराच्या वळणामागे कोणी महिनोन् महिने बसलेला असतो हे आपण मराठीवर प्रेम करणारे लोकच विसरतो, याचं मला वाईट वाटतं. आम्ही तो काढला आणि मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या गटाने केलेला मुक्ता बसवला. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. त्या लायसन्सचा विचार तर सोबत विकण्याभोवतीच फिरतो: फॉन्ट कुठल्याही सॉफ्टवेअरबरोबर द्या, ते विका, फक्त नुसता फॉन्ट सुटा विकू नका आणि लायसन्स त्याच्यासोबत ठेवा. बनवणाऱ्याला किती साधी गोष्ट हवी होती!

त्या जर्मन गृहस्थाला आम्ही जानेवारीत सगळं पाठवलं, उशिराबद्दल माफी मागून. दोन आठवड्यांनी त्याने घड्याळाची दुरुस्ती लिहून परत पाठवली, तीही आमच्याच बिल्डच्या स्क्रिप्टवर बसेल अशी. ती अजून आमच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे डबीतल्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे, त्याच्या नावासह. खोक्यातल्या कागदावर तेही नाव आहे.

हे रोज पाळणं कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. प्रत्येक रिलीजला यादी करायची, आवृत्त्या लिहायच्या, सोर्स आणि कंपायलर एकत्र बांधून दोन ठिकाणी ठेवायचे, नव्या मुलाने एखादी लायब्ररी घेतली की आधी तिची अट वाच म्हणायचं. मुलं म्हणतात, "ताई, सगळे वापरतात." मी त्यांना बसवून वाचायला लावते. पुढे बोर्डावर फक्त आमच्या सहीचं फर्मवेअर चालेल असं कुलूप घालायचा विषय निघाला, तेव्हा मी भांडले. २००७ ची जीपीएलची तिसरी आवृत्ती अशा घरगुती यंत्रांच्या कुलपावर हरकत घेते. आमच्या डबीतलं लिनक्स आणि बिझीबॉक्स दुसऱ्या आवृत्तीवर असल्याने कायद्याने कदाचित निभावलं असतं. पण कोड द्यायचा आणि तो चालवू द्यायचा नाही, हे मला पटेना. शेवटी ठरलं की कुलूप राहील, पण डबी उघडून जंपर, म्हणजे बोर्डावरची दोन टोकं जोडणारी छोटी चिमटी, लावला की मालकाला स्वतःचं फर्मवेअर चढवता येईल. वॉरंटी तेवढी जाईल.

गेल्या पावसाळ्यात एक फोन आला. सांगलीकडच्या एका उपसा सिंचन संस्थेतला वायरमन. पंपाचे मीटर जुने, उत्तर द्यायला वेळ घेणारे. आमचा लॉगर वाट न बघता पुढे जायचा आणि आकडे रिकामे राहायचे. "मॅडम, तुमच्या खोक्यात एक कागद होता. त्यात लिहिलंय कोड मिळेल म्हणून. माझा भाचा डिप्लोमाला आहे, तो बघतो म्हणतोय." ती उशीर सहन न करणारी जागा नेमकी त्या सिरियल ड्रायव्हरमध्ये होती, आमच्या जुन्या सहकाऱ्याच्या पॅचमध्ये. पेनड्राइव्हचे आणि टपालाचे पैसे त्यांनी मोबाइलवरून पाठवले. मावशींनी पाकीट चिकटवलं.

आठ दिवसांनी भाच्याचा फोन. आवाज कोवळा, मागे पंपाची घरघर. "मॅडम, कंपायलर कोणता वापरू?"

मी उठले नाही, कपाट उघडलं नाही. समोरच्या यादीत बघून सांगितलं, "चार पॉइंट नऊ पॉइंट चार. पेनड्राइव्हवरच आहे बघ, टूल्सच्या फोल्डरात."